महादेवांची आरामखुर्ची

अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर असलेले आमचे शेजारी विष्णुपंत यांनी त्रेपन्न साली देव घरी आणला. कुळगावात एका बुवांनी सांगितलं होतं, मूर्ती-तसबिरी बाजूला राहू द्या, देव अष्टौप्रहर आपल्या शेजारी आहे अशी कल्पना करत राहा. पंतांनी लगेच सुरुवात केली, आणि उल्हासनगरच्या कॅम्पातून वेताची आरामखुर्चीही आणली. "बैठेगा कौन, साईं?" सिंधी दुकानदारानं विचारलं. "महादेव," पंत म्हणाले. त्यानं जरा मजबूत खुर्ची काढून दिली.

दोन खोल्यांच्या त्या घरात खुर्चीनं बाहेरची अर्धी खोली अडवली. तिच्यावर टेकायची कुणाची टाप नव्हती. जेवताना महादेवांचं पान पंतांच्या शेजारी मांडलं जाई आणि प्रसाद म्हणून तेही पंतच संपवत. महादेव मोठे समजूतदार. पंतांना पडवळ आवडत नसे, त्यांनाही नसे. बायकोनं, उमाताईंनी, हळदीकुंकवाला जावं असं पंतांना वाटत नसे, महादेवांनाही वाटत नसे. आठही प्रहर सोबत राहून या देवानं भक्ताला एकदासुद्धा 'नाही' म्हटलं नाही. असला देव मलाही चालेल.

अशात पंतांची बहीण राजाबाई विधवा झाली. सासरच्यांनी हाकलली, तेव्हा ट्रंक आणि वळकटी घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली. पंतांनी डोळे मिटले. चांगले बराच वेळ मिटले.

"राजा, माझं काही नाही गं," ते म्हणाले. "पण महादेव म्हणतात, इथं जागा नाही. त्यांना एकांत लागतो."

राजाबाई ट्रंक उचलायला वाकली. तेवढ्यात उमाताई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली.

"अगं, काय करतेस? महादेव आहेत तिच्यात!"

"अहो, महादेवांना या अंबरनाथात दगडी देऊळ आहे, शेकडो वर्षांचं. वन्संना कुठं आहे?"

पंतांनी पुन्हा डोळे मिटले. या खेपेला महादेव काही बोलले नसावेत.

राजाबाईनं त्या रिकाम्या जागेत वळकटी पसरली, ती कायमचीच. महिन्याभरात पंत कुळगावात बुवांकडे सांगू लागले, बहिणीला ठेवून घे अशी महादेवांचीच आज्ञा झाली. लोक माना डोलवत. मला मात्र ते ऐकून संताप येई. देवाला खरंच कुणी विचारलं असतं, तर त्या बाईला दारात उभं राहावंच लागलं नसतं.