डोळ्यांची जागा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही धड येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्या.

लग्नानंतर मी पेणजवळ हमरापूरला एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखायची. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यातच पोट पाचव्यासारखं दिसू लागलं. सासूबाई हरखल्या. "जुळं हाय गो! आता दोन पाळणे टांग." बाळ होण्याआधी त्याचं काही शिवू नये म्हणतात. मी लपून दोन टोपडी शिवली.

मग अंगावरून रक्त जायला लागलं. रोह्याच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत बाळ नव्हतंच, द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याचे फोड होते. पिशवी साफ करावी लागली. पैसे कारखान्याच्या शेठाणीने उचल म्हणून दिले.

"पोटुशीनं डोळे आखले," सासूबाई म्हणाल्या. "पोरांचे डोळे तिकडंच गेले."

त्या चहाला गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, हे खरं का?

"नाही गं. आधी सगळ्या पेशी सारख्याच असतात. कुणी डोळा व्हायचं, कुणी हाड, ते पुढे ठरत जातं. त्यासाठी आईच्या आणि बापाच्या, दोघांच्या खुणा लागतात. यात आईकडचं काही उतरलंच नाही. म्हणून बाळाला पोसणारी वारच नुसती वाढत गेली."

"म्हणजे त्यात माझं कायच नव्हतं?"

"नव्हतं. तुझा काही दोष नाही."

मला दोष चालला असता.

पुढे वर्षभर लघवी तपासायला रोह्याला जावं लागे. पोटात काही उरलं नाही ना, ते बघायला. दर वेळी बाई हसून सांगायच्या, "काही नाही, छान." मी मान हलवायची.

कारखान्यात डोळे आखण्याआधी आम्ही पेन्सिलीने त्यांची जागा धरतो. माझ्याकडून तेवढंच व्हायचं. ब्रश उचलला की हात थांबायचा. मग मी मूर्तींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारायचं काम मागून घेतलं. त्याची मजुरी कमी.

पुढच्या हंगामात शेठाणीने एक मूर्ती माझ्यापुढे आणून ठेवली. "पांढरा मारून उचल फिटायची नाय गो. बस हितं. मी पण बसते."

ती खरंच बसून राहिली. डावा डोळा झाला, मग उजवा. मी पदराने तोंड पुसलं आणि दुसरी मूर्ती ओढली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हिशेब झाला. दवाखान्याचे सगळे पैसे फिटले.