वहिनी, अजून दोन वर्षं थांबा

हॅम्बर्गच्या बाहेर, एल्ब नदीच्या काठी, हिवाळ्यात होड्या ठेवायची एक जागा मी चालवते. मोठं काही नाही. दोन शेड, कुंपण घातलेलं आवार आणि पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा रॅम्प. वसंतात लोकांच्या शिडाच्या होड्या पाण्यात सोडायच्या, ऑक्टोबरात भरतीची वेळ साधून त्या बाहेर काढायच्या आणि ट्रेलरवर चढवून शेडमध्ये न्यायच्या. काही गिऱ्हाइकांच्या होड्या बाल्टिकच्या किनाऱ्यावर असतात. त्या आणायला ऑटोबानच्या महामार्गावरून जावं लागतं. पुण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा असलं काही करीन असं वाटलं नव्हतं. इथे मी ऑफिसात कामाला लागले, म्हातारा मालक निवृत्त झाला, दुसरं कुणी पुढे आलं नाही. गोष्ट एवढीच.

हा धंदा एका गाडीवर चालतो. मागे साडेतीन टन ओढील असा दणकट पिकअप लागतो, आणि तोही शेवाळलेल्या ओल्या चढावर, थांबल्या जागेवरून ओढणारा. माझा जुना डिझेल पिकअप या वसंतात तपासणीत नापास झाला. इंजिन ठणठणीत होतं, पण चासी, गाडीचा खालचा सांगाडा, गंजली होती. तपासणाऱ्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला तो आरपार गेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. वादाला जागाच नव्हती.

उन्हाळ्यात पिकअपवाचून भागतं. ऑक्टोबरात भागत नाही. पहिल्या कडक थंडीआधी होड्या बाहेर काढल्या नाहीत तर गिऱ्हाइकं नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या कंपनीकडे जातात, आणि गेलेली परत येत नाहीत. ऑक्टोबरात गाडी नसली तर पुढच्या वर्षी आवार माझं राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी गाडी शोधली. ल्युनेबर्गकडच्या एका शेतकऱ्याचा वापरलेला डिझेल पिकअप. मी त्याच्याखाली आडवी होऊन पाहिलं. चासी कोरडी, जोडणीचा हुक सरळ. कापणी होईपर्यंत त्याला गाडी हवी होती, मला ऑगस्टअखेर चालणार होतं. आम्ही हात मिळवले.

त्याच रविवारी धाकटे दीर जेवायला आले. ते वोल्फ्सबुर्गला असतात, मोटारींच्या कारखान्यात, इंजिनांच्या विभागात. हुशार माणूस. वरणभात कालवता कालवता म्हणाले, "वहिनी, आत्ता डिझेल घेणं म्हणजे आत्ता घरी लँडलाइन घेण्यासारखं आहे."

"माझ्या ऑफिसात लँडलाइन आहे, भाऊजी. रोज वाजते."

"तसं नाही हो. अजून दोन वर्षं थांबा. पुढचे मोठे पिकअप बॅटरीवर चालणार. आत एक छोटं पेट्रोल इंजिन असेल, ते फक्त वीज बनवायला. चाकांशी त्याचा संबंधच नाही. गेनाऊ, अगदी तुमच्यासारख्यांसाठी."

"आणि हायड्रोजन?" माझा नवरा म्हणाला. तो बंदराच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला गाडीतलं कळतं ते रेडिओपर्यंत.

"जड वाहनांना हायड्रोजन येईलच की. नाहीतर कृत्रिम डिझेल. आल्झो, म्हणजे तीन रस्ते आहेत. कुठला जिंकतो ते आत्ता सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर थांबा म्हणतोय."

"आणि या ऑक्टोबरात होड्या कोण ओढणार?"

"तेवढं बघू ना काहीतरी," नवरा म्हणाला.

हे 'बघू' म्हणणाऱ्याला स्वतःला कधीच काही बघावं लागत नाही.

मग उन्हाळाभर तेच. मराठी मंडळाच्या सहलीत शेगडीभोवती पाचसहा पुरुष उभे राहून माझ्या पुढच्या पिकअपचं इंजिन ठरवत होते. टॉर्क, किलोवॉट, टाकीतला दाब. त्यांतल्या एकानंही आयुष्यात ट्रेलर मागे घेतलेला नव्हता. कणसं मी भाजत होते. प्रश्न मात्र नवऱ्याला: "तुम्हाला साधारण किती वजन ओढावं लागतं?" नवरा माझ्याकडे बघायचा, मी आकडा सांगायचे, आणि पुढचा प्रश्न पुन्हा नवऱ्यालाच.

विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला बॅटरीचं वावडं नाही. रॅम्पवर मला बॅटरीचीच गाडी आवडेल. जागच्या जागी पूर्ण जोर, क्लचचा वास नाही, चाक घसरलं तर लगेच आवरतं. पण बाल्टिकहून होडी आणायची म्हणजे पाठीमागे उंच धूड घेऊन वाऱ्यात शिरायचं. वजनापेक्षा वारा खातो. एका दमात जाता येतं ते अंतर निम्म्यावर येतं. आणि वाटेतल्या चार्जिंगच्या जागा कुणी आखल्यात? पुढून नाक खुपसायचं, कारच्या मापाच्या. मागे होडी असली तर ती सोडायची कुठे, रस्त्यात? इतकी वर्षं भविष्याचा विचार करणाऱ्या एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नसेल का की ओढणाऱ्या गाडीच्या मागे काहीतरी असतं?

ऑगस्टच्या शेवटी मी दोन दिवस किनाऱ्यावर एका होडीची डागडुजी बघायला गेले होते. शेतकऱ्यानं घरी फोन केला, कापणी झाली, गाडी न्या म्हणून. फोन नवऱ्यानं घेतला आणि त्याला सांगितलं की आम्ही गाडी ऑक्टोबरात, दसऱ्याला नेऊ.

मी परत आल्यावर त्यानं हे खुशीत सांगितलं.

"दसऱ्याला का?" मी विचारलं.

"अगं, आपल्याकडे गाडी दसऱ्यालाच येते ना. बाबांची स्कूटर, दादांची कार, सगळ्या दसऱ्याला. आईला व्हिडिओवर पूजा दाखवता येईल. आणि तोपर्यंत नवीन मॉडेलांचं चित्र स्पष्ट होईल, असं भाऊ म्हणत होता."

"त्या शेतकऱ्याला दसरा काय ते माहीत आहे?"

"मी समजावलं त्याला. तो हो, हो म्हणाला."

मी तिथेच उभ्या उभ्या शेतकऱ्याला फोन लावला. गाडी आदल्या दिवशी गेली होती. तो बिचारा ओशाळला होता. म्हणाला, तुमच्या यजमानांनी ऑक्टोबर म्हटलं, मला वाटलं तुम्हाला नको आहे. आमच्याकडे नको असेल तर असंच सांगतात.

दसऱ्याला माझा विरोध नाही. आवारातल्या दोर ओढणाऱ्या विंचला दर वर्षी हळदकुंकू मी स्वतः लावते. पण पूजेला आधी अवजार जागेवर लागतं. यांच्या एका खिशात पुढच्या पिढीचं इंजिन, दुसऱ्या खिशात मुहूर्त, आणि दोन्हींत माझा ऑक्टोबर कुठेच नाही. मी नवऱ्याला एवढंच म्हणाले की यापुढे आवाराच्या गाडीबद्दल फोन आला तर 'ती घरी नाही' इतकंच जर्मन बोलायचं.

शेतकऱ्याकडून मी नव्या मालकाचा नंबर घेतला. एक बाई निघाली. लोकांचे घोडे स्पर्धांना नेते. स्पर्धा शनिवार-रविवारी. मी तिच्या तबेल्यात गेले, चिखलातच उभं राहून बोललो. सोमवार ते शुक्रवार गाडी भाड्यानं माझ्याकडे, शुक्रवारी संध्याकाळी धुऊन, टाकी भरून परत. विमा कंपनीला तिनं माझ्यासमोर फोन लावला. भविष्यात कुठलं इंजिन येणार, हा विषय निघाला नाही. ती फक्त म्हणाली, "तिसऱ्या गिअरला जरा अडतो, जोर करू नका." मला हवी होती ती माहिती एवढीच होती.

दसरा कामाच्या दिवशी आला. भरती सकाळी होती. मी अर्ध्या होड्या आधीच काढल्या होत्या. नवरा आणि भाऊजी दोघंही सुट्टी काढून आवारात आले, झेंडूचा हार, नारळ आणि आपट्याऐवजी कुठल्याशा झाडाची पानं घेऊन. मी पिकअप रॅम्पवर मागे घेत होते.

"ही ती गाडी?" भाऊजी म्हणाले. "घेतलीत शेवटी?"

"भाड्यानं आणलीय. हार घाला, पण लवकर. पाणी उतरतंय."

नवऱ्यानं हार पुढच्या जाळीला बांधला. नारळ फोडायला मी त्याला बाजूला, कुंपणाशी पाठवलं. रॅम्पवर करवंटी नको. भाऊजी बॉनेटवर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत होते. तोंड उघडताना दिसले, तशी मी खिडकीतून लाकडी ठोकळे त्यांच्या हातात दिले.

"भाऊजी, मी थांबले की हे मागच्या चाकांखाली सारायचे. निघाले की काढायचे. पाय मधे आणू नका."

त्यांनी ते केलं. दोनदा उशिरा, नंतर नीट. त्यांचे ऑफिसचे बूट एल्बच्या पाण्यानं घोट्यापर्यंत भिजले. होडी वर येताना पिकअपची मागची चाकं शेवाळ्यावर एकदा फिरली, धरली, आणि सगळं धूड सावकाश वर सरकलं. भाऊजी बाजूनं चालत आले. सपाट जागेवर आल्यावर खिडकीशी उभे राहिले.

"वहिनी, सुटताना ते चाक फिरतं तेव्हा तुम्ही पाय काढता की दाबून ठेवता?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला गाडीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी उत्तर दिलं. काढायचाही नाही, दाबायचाही नाही, आहे तिथे धरायचा आणि वाट बघायची.

"हे बॅटरीला शिकवता येईल," ते म्हणाले.

"येईल. शिकवणाऱ्याला आधी इथे उभं करा," मी म्हणाले. "आणि ठोकळे घेऊन खाली चला. अजून तीन होड्या आहेत."