चपला बाहेर काढा
घामट मोज्यांचा वास आला की मला राजाजीनगरचं आमचं सरकारी ऑफिस आठवतं आणि डोकं सणकतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या एसीच्या कॉम्प्युटर-खोलीत शिरताना, दारावरच्या 'चपला बाहेर काढा' या पाटीप्रमाणे, चपला-बूट दाराशीच काढावे लागत. एका सकाळी सगळं ऑफिस ज्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रं लिहायचं, त्यात कुठलंही पत्र उघडलं की नुसती भलतीच अक्षरं दिसायला लागली. व्हायरस शिरला होता. साहेब बेळगावकडचे, त्या कानडी ऑफिसातही माझ्यावर मराठीतच ओरडले, "बाई, काल चपला घालून तुम्हीच आत गेला होता की! मातीतनंच आलाय बघा हा रोग." मी टेम्पररी टायपिस्ट, आणि चपला काढायला खरंच विसरले होते. त्यांनी माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. दुपारी इंजिनिअर आला. साहेबांच्या शर्टाच्या खिशातली फ्लॉपी मागून त्याने त्यांनी घरी टाइप करून आदल्या दिवशी ऑफिसात उघडलेलं पत्र तपासलं आणि म्हणाला, "सर, व्हायरस ह्यातूनच पसरला." साहेबांनी फ्लॉपी परत खिशात घातली आणि माझ्याकडे वळले, "सरी, ठीक आहे, पण चपला घातल्या होत्या, हे तर खरं ना?" माफीनामा फायलीत राहिला आणि महिनाअखेर मला काढलं. आजही तशी पाटी दिसली की मी चपला काढते, पण आधी आतल्या साहेबाच्या खिशाकडे बघते.