सागाच्या फळीवरचे काटे

कुठलंही इंजिन खोला आणि पुन्हा बसवा, शेवटी दोन नट उरतातच! गाडी झकास चालते, पण ते नट कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. मग ते डब्यात जातात. अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर रहमान उस्तादांचं गॅरेज होतं, तिथे असे तीन डबे गच्च भरले होते. माझ्या डोक्यात उस्तादांचे किस्से असेच साठलेत. आज एक डबा तुमच्यापुढे उपडा करतो.

मी दौलत. वरातीची मोटार चालवायचो. आधी एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींकडे ड्रायव्हर होतो. शेठजी थकले तेव्हा त्यांनी आपली उघड्या टपाची जुनी विलायती मोटार मला देऊन टाकली. म्हणाले, "दौलत, हिले भंगारात नको जाऊ देऊ." अकोल्यापासून चांदूर बाजारपर्यंत नवरदेव मिरवायला तशी दुसरी गाडी नव्हती. समोरच्या लाकडी फळीवर फक्त एक घड्याळ आणि मैल दाखवणारा एक काटा होता. घड्याळ माझ्याकडे येण्याआधीच वारलं होतं, आणि मैलांचा काटा इंजिनच्या पोटातलं काही सांगत नव्हता. त्यामुळे गाडी कानानेच चालवायची. तेल कमी झालं की इंजिन कुरकुरायचं, पाणी तापलं की घुसमटायचं, आणि मला ते लगेच कळायचं.

मग मला टीबी झाला. सुयांनी जीव वाचला. त्या सुयांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण त्यांनी कान नेले. मोठे आवाज राहिले: हॉर्न, बँड, बायकोचं ओरडणं. बारीक गेले. चिमण्या गेल्या, घड्याळाची टिकटिक गेली आणि इंजिनची कुरकुरही गेली. एके दिवशी वलगावच्या रस्त्यावर तेल संपलं, इंजिन कुरकुरत राहिलं असेल, मी आपला मजेत! बेअरिंग जळालं. पुन्हा एकदा असं झालं असतं तर इंजिन कायमचं गेलं असतं, आणि त्याबरोबर आमची चूलही. कानाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. बहिऱ्याच्या गाडीत नवरदेव कोण बसवणार?

*

बेअरिंग बसवून झाल्यावर उस्तादांनी मला हाक मारली. बॉनेट उघडं होतं. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"आयक रे दौलत. आवाज कसा हाये?"

मी इंजिनवर वाकलो. मान तिरकी केली, डोळे मिटले, चांगला वेळ घेतला. म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास, उस्ताद!"

डोळे उघडले तर गाडीची चावी उस्तादांच्या बोटात फिरत होती. इंजिन चालूच नव्हतं!

गिऱ्हाइकांपैकी एकाने हसायला तोंड उघडलं. उस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं. मग मला म्हणाले, "हो, बराबर हाये."

गिऱ्हाइकं गेल्यावर त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कवापासून?" मला रडू कोसळलं.

"रडतं काहून बे? कान गेले त गेले, डोळे हायेत ना? तुले आयकू नाही येत त तुले इंजिन दाखवतो मी!"

हे कोण म्हणत होतं? तर ज्यांनी आयुष्यभर मीटरला शिव्या घातल्या ते रहमान उस्ताद! "काटे अनाड्यांसाठी असतात, मिस्त्रीले इंजिन सांगते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची इंजिन तपासायची पद्धतही न्यारी. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनवर टेकवायचे आणि लाकडी मूठ दातात धरायचे. दुसरे मिस्त्री मूठ कानाला लावतात. आम्हाला वाटायचं, ही उस्तादांची स्टाइल. मलाही त्यांनी ते शिकवलं. म्हणाले, "आवाज हाडातून बी येते, पाह्य." मी दातात मूठ धरली आणि सात महिन्यांनी माझं इंजिन मला ऐकू आलं. पण चालत्या गाडीत पेचकस दातात धरून बसता येत नाही ना! म्हणून काटे: तेलाचा, पाण्याचा, पेट्रोलचा.

*

जुन्या फळीत एवढी भोकं पाडायला जागा नव्हती. उस्तादांनी सागाची नवी फळी आणली. मीटरची मापं घ्यायला माझ्या बायकोच्या, सुशीलाच्या, वाट्या नेल्या. तेलाच्या मीटरच्या मापाची वाटी फळीवर ठेवली, भोवती पेन्सिल फिरवली, भोक पाडलं आणि मीटर बसवला. मीटर सरळ आत पडला! वाटी तळाशी लहान, वर मोठी. माप तळाचं घ्यायचं, तर यांनी वाटी उपडी ठेवून काठाचं घेतलं होतं.

फळी वाया जाणार म्हणून उस्तादांचा चेहरा उतरला. सुशीला वाट्या परत न्यायला आली होती. तिने हातातली लाखेची बांगडी काढली आणि भोकात बसवली. मीटर तिच्यात चपखल! उस्ताद म्हणाले, "बाई, उद्यापासून तुमी गॅरेजात येत जा, याले घरी ठेवा."

पण तो मार्च महिना होता. मे महिन्यात भर दुपारी अकोल्याच्या वरातीत लाख वितळली आणि तेलाचा मीटर बांगडीसकट माझ्या मांडीवर आला. नवरदेव मागून ओरडला, "ड्रायव्हर, तुमचं काहीतरी पडलं!" मग सुशीलाने पितळेची बांगडी दिली. ती शेवटपर्यंत टिकली. पुढे गाडीत बसणाऱ्या बायका एकमेकींना दाखवायच्या, "पाह्य व माय, मोटारीनं बांगडी भरली!"

*

पेट्रोलचा काटा म्हणजे उस्तादांचा नाजूक विषय. टाकीतला तरंगता भाग एका गाडीचा, फळीवरचा काटा दुसऱ्या गाडीचा. जोडल्यावर कळलं की टाकी भरली की काटा खाली जातो आणि रिकामी झाली की वर! मी म्हटलं, "उस्ताद, उलटा हाये." उस्तादांनी थोडा विचार केला. "काटा नाही बदलत. तू उलटं वाच!"

मी वाचत गेलो. दोन वर्षांत इतकी सवय झाली की दुसऱ्याच्या गाडीतला सरळ काटा पाहून मला धडकी भरायची. एकदा मला ताप आला म्हणून गजानन नावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरने माझी गाडी नेली. चांदूर बाजारच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये नवरदेव, आणि गाडी बंद! नवरदेव मुंडावळ्या बांधून बैलगाडीतून मांडवात पोचला. गजानन तणतणत गॅरेजात आला.

"उस्ताद, काटा त टाकी भरेल दाखवून राहिला होता!"

उस्ताद शांतपणे म्हणाले, "बराबर हाये. रिकामी झाली का भरेलच दाखवते तो."

*

मैलांचा काटा मेला तेव्हा किलोमीटर नवे नवे आले होते. उस्तादांनी किलोमीटरवाला नवा मीटर बसवला. त्या सीझनला एका नवरदेवाचे वडील माझ्या शेजारी बसले. आदल्या वर्षी थोरल्या पोराच्या लग्नात ते याच गाडीतून आले होते. बडनेऱ्याच्या पुढे त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि घट्ट दांडा धरला.

"अबे, साठ! मागच्या साली हे गाडी चाळीसच्या वर जात नव्हती!"

लग्नानंतर ते मुद्दाम गॅरेजात आले आणि उस्तादांच्या गळ्यात हार घातला. "मिस्त्री, म्हातारीले जवान केलं तुमी!" उस्तादांनी हार घालून घेतला, चहा पाजला, पानही दिलं. ते गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनले मी हात बी नाही लावला बे!"

*

फळीवर एक भोक उरलं होतं. उस्ताद अकोल्याच्या जुन्या बाजारातून, लढाईनंतर निकाली निघालेल्या सामानातून, एक देखणा मीटर घेऊन आले. काळा, गोल, तीन बारीक काटे. वरची अक्षरं घासून गेलेली. कशाचा ते त्यांनाही माहीत नव्हतं. "भोक मोकळं बरं नाही दिसत," म्हणून बसवला. वायर नाही, नळी नाही. वर्षभर तो एका जागी उभा होता.

मग चिखलदऱ्याची एक वरात मिळाली. उस्ताद हवा खायला सोबत आले. घाट सुरू झाला आणि तो मुका मीटर फिरायला लागला! उस्ताद ओरडले, "थांब!" मी थांबलो. काटा थांबला. निघालो. काटा निघाला. उस्तादांनी बॉनेट उघडलं, पेचकस दातात धरला, चाकांना लाथा मारल्या. कुठेच काही नाही. आम्ही दोघे घामाघूम. गाडीत नवरदेवाचे एक मास्तर मामा होते. त्यांनी चष्मा पुसून मीटर पाहिला.

"अहो, हे विमानातलं यंत्र. किती उंच उडालो ते दाखवतं."

मागे नवरदेवाची आजी बसली होती. तिने दोन्ही हातांनी सीट धरली आणि म्हणाली, "मंग आदी सांगाव ना बाप्पा, मी नसती बसली!"

*

आता शेवटचा किस्सा. हा मी फार कमी वेळा सांगितला आहे.

उस्तादांच्या धाकट्या मुलीचं, नसीमचं लग्न ठरलं. नवरदेव अकोल्याचा. त्याला मिरवायला गाडी कुठली, हा प्रश्नच नव्हता. सुशीलाने फळी गोडेतेलाने पुसली, बांगडी चिंचेने घासली. मी मनाशी म्हटलं, दौलत, ज्या माणसाने तुझी चूल राखली त्याच्या दारात आज तुला जायचं आहे, काही चुकू देऊ नको.

वैशाखाचं ऊन. बँड पुढे, पोरं नाचत होती, गाडी मुंगीच्या पावलाने. मांडव वीस पावलांवर आला आणि पाण्याचा काटा लाल रेघेला टेकला. त्या बँडमध्ये धडधाकट कानांच्या माणसालाही इंजिन ऐकू आलं नसतं. मला काट्याने सांगितलं. मी कुणाच्या लक्षात येणार नाही असं इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुठीत धरली. पोरं नाचत होती. मी मनात म्हणत होतो, नाचा बाबांनो, अजून नाचा, तेवढंच इंजिन निवू द्या. हा काटा वायरवर नाही, पाण्यात बुडवलेल्या नळीवर चालायचा, इंजिन बंद असलं तरी खरं सांगायचा. तो हळूहळू उतरायला लागला.

तेवढ्यात वरातीच्या स्वागताला उस्ताद मांडवातून बाहेर आले. पांढरी शेरवानी, हातात गुलाबाचा हार. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातात पेचकस नव्हता. नवरदेवाचा मामा मोठा चेष्टेखोर. त्याने बँडच्या वर आवाज चढवून विचारलं, "काय मिस्त्री, पोरीच्या लग्नात तरी गाडी धड हाये ना? का अथीच बंद पडते?"

पंचवीस-तीस वऱ्हाडी आमच्याकडे बघत होते. उस्ताद बॉनेटजवळ आले. मान तिरकी केली. डोळे मिटले. चांगला वेळ घेतला.

"आयका," ते म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास!"

मामा थक्क. "एवढ्या बँडात आयकू आलं? कान हाये का काय हाये!" सगळं वऱ्हाड वाहवा करायला लागलं.

उस्तादांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मुठीकडे पाहिलं. मुठीतून चावीची साखळी लोंबत होती. पेचकसाची मूठ ते दातात का धरायचे, ते मला तेव्हा कळलं.

मी मूठ आवळली, साखळी आत घेतली आणि मामालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"हो उस्ताद, बराबर हाये."