तोंडातला चिंचोका

पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांचं औषध खाऊन टाकलं.

ते औषध आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढीच माझी बाजू. बाशीमला डॉक्टरांच्या ओसरीवर मी त्यांची वाट पाहत बसलो होतो. पुढ्यात टोपलंभर चिंचा, शेजारी एक सपाट दगड आणि सुपात फोडून, चिंचोके काढून ठेवलेल्या चिंचा. उन्हाळ्याची दुपार, पोटात काही नाही. डॉक्टर आतून आले तेव्हा सूप रिकामं होत आलं होतं आणि माझे दात इतके आंबले होते की नमस्कारही नीट म्हणता येईना. त्यांनी सुपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, धोतर सावरून मांडी घातली आणि टोपल्यातली एक चिंच उचलून दगडावर ठेवली.

"असू द्या, बापू," ते म्हणाले. "टोपलं भरेल हाये अजून."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. रोगी बोलता बोलता अडखळला की हेच. कुणी शरमून उठायला लागलं की हेच. घाई नाही, बसा, वेळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण हा अर्थ माझ्या टाळक्यात शिरायला एक आख्खा चिंचांचा हंगाम गेला.

मी तेव्हा नागपूरहून डॉक्टरी शिकून नुकताच आलो होतो. दवाखान्याला पाटी अशी करून घेतली होती की ती दारापेक्षा रुंद निघाली. सुतारानं ती कशीबशी तिरकी करून बसवली, त्यामुळे आत येणाऱ्याला मान वाकवावी लागे. येणारंच कुणी नव्हतं म्हणून तक्रार झाली नाही. समोरच्या आळीत डॉक्टरांकडं मात्र रिसोड, मानोऱ्यापासून बैलांच्या दमण्या भरून माणसं येत, आणि त्यांच्या दारावर साधी पाटीही नव्हती. मी चांगला महिनाभर हे सहन केलं आणि मग धंदा कसा वाढवायचा ते विचारायला गेलो. ते विचारायच्या आधीच चिंचा खाल्ल्या, हे वर सांगितलंच.

डॉक्टरांची सकाळ तुमच्या-आमच्या कुठल्याही डॉक्टरसारखी. हिवताप, खरूज, विंचू. जेवण झाल्यावर मात्र ते ओसरीवर बसत आणि ज्यांचं दुखणं नाडीत सापडत नाही असे लोक येत. कुणाला झोप नाही. कुणाला विहिरीकडं गेलं की छातीत धडधड. एका धडधाकट पाटलाला आपण मेलो आहोत आणि घरचे लोक आपल्याला सांगत नाहीत असं वाटे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गावोगाव असतात. त्यांना कुणी मांत्रिकाकडं नेतं, कुणी खोलीत कोंडतं. डॉक्टर त्यांना चिंचा फोडायला बसवत.

ही रीत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. तरुणपणी ते वेड्यांच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरीला होते. तिथं टेबलापलीकडून प्रश्न विचारले की सगळे रोगी एकच उत्तर देत, बरं आहे साहेब. एकदा ते सहज मुदपाकखान्याच्या मागं गेले. तिथं तेच रोगी वर्षाच्या चिंचा फोडत बसले होते आणि आपापसांत जन्माच्या गोष्टी बोलत होते. हात गुंतलेले, नजर खाली, शेजारी कुणीतरी आहे पण तोंडाकडं पाहत नाही. डॉक्टर तिथंच बसले आणि त्या दिवसापासून टेबलाकडं फारसे गेले नाहीत.

याचा एक फायदा मला पुढं कळला. बाशीमला डोक्याच्या डॉक्टरकडं चाललो असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. पण डॉक्टरांकडं चिंचा फोडायला चाललो, हे कुणीही चारचौघांत म्हणू शके. सोयऱ्यांना सांगता येई, लग्नाच्या मुलीच्या बापालाही सांगता येई. धंदा वाढवण्याचं जे गुपित मी शोधत होतो ते हे असं दगडाखाली होतं. लोक फी म्हणून चिंचाच आणून टाकत. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, या घरात फक्त दूधच तेवढं गोड लागते, तेही नासलं नाही तर.

मला त्यांनी एकच अट घातली. दुपारी येऊन बसायचं, चिंचा फोडायच्या, बोलायचं नाही. आणि 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द तर अजिबात नाही. "काहून म्हटलं का माणूस कोर्टात उभा रायते, बापू. मंग तो वकिलासारखा बोलते."

मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्याच हंगामात मानोऱ्याकडच्या एका गावाहून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. सुनेचं वय विशीच्या आतबाहेर. गेल्या पावसाळ्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. काम सगळं करी, भाकरी थापी, शेतात जाई, पण जीभ जणू काढून ठेवलेली. अंगारे झाले, धुपारे झाले. सासू वाईट नव्हती, थकलेली होती. तिनं सरळ सांगितलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ही बोलली नाही तर हिचे सासरे हिला बापाच्या घरी नेऊन घालणार आणि पोरासाठी दुसरी पाहणार. मुलगीही पाहून ठेवली आहे.

सून हे सगळं ऐकत होती. डॉक्टरांनी तिच्यापुढं दगड सरकवला.

दर बाजाराच्या दिवशी त्या दोघी येत. सासू बाजाराला जाई, सून ओसरीवर बसे. ती फोडी, डॉक्टर फोडत, मी फोडी. बाकी टक टक एवढाच आवाज. मला वाटे, यात डॉक्टरी कुठं आहे? डॉक्टर अधूनमधून तिच्याकडं नव्हे, टोपल्याकडं पाहून आपलं वाक्य म्हणत आणि पुन्हा टक टक. आखाजी जवळ येत चालली होती आणि माझा जीव वर-खाली होत होता. तिच्यापेक्षा माझाच जास्त, असं आता वाटतं.

एका दुपारी तिचा हात थांबला. ओठ हलले. आणि आम्हाला दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"दात..."

मी उडालोच. मी डॉक्टर, आणि समोर अखेर एक अवयव आला होता. "कोणता? दाढ का? दाखव, बाई, आ कर," म्हणत मी धावत रस्ता ओलांडून माझ्या दवाखान्यात गेलो, कपाळ पाटीवर आपटून घेतलं आणि लवंगेचं तेल व चिमटा घेऊन परत आलो. तिनं पदर तोंडावर घट्ट धरला होता. डॉक्टर चिंच हातात धरून तसेच बसले होते. माझ्या हातातल्या चिमट्याकडं त्यांनी फार वेळ पाहिलं.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

महिन्यातून एकदा डॉक्टर रेल्वेनं अकोल्याला जात. तिथं त्यांचे इस्पितळातले जुने वरिष्ठ निवृत्त होऊन राहत होते. या खेपेला मलाही सोबत चला म्हणाले. मला वाटलं, दोन मोठे डॉक्टर बसून मोठमोठ्या रोगांवर बोलतील. तर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आमच्यापुढं सुपात लसूण ठेवला, आणि बाशीमचा नावाजलेला डॉक्टर खाली मान घालून लसूण सोलत आपल्या महिन्याभराच्या चुका सांगू लागला. कुणाला मध्येच तोडलं. कुणाची कीव आली आणि ती लपवता आली नाही. कुणाचा राग आला, कारण त्याचा आवाज आपल्या चुलत्यासारखा होता. म्हातारबुवा नुसतं हं म्हणत.

शेवटी चिमट्याची पाळी आली. मी लसणात तोंड घालायची जागा शोधत होतो. डॉक्टर म्हणाले, "चूक माही हाये. या पोराले गप बस म्हणून सांगतलं, पण गप कसं बसाचं ते शिकवलंच नाई."

"आता काय करता?" म्हातारबुवांनी विचारलं. त्या दिवसातला त्यांचा तो एकच प्रश्न.

"जातो तिच्या घरी. टोपलं घेऊन."

परतीच्या गाडीत मी धीर करून म्हटलं, तुमच्यासारख्यांना या वयात कुणापुढं जाऊन बसायची काय गरज? ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, दिवसभर दुसऱ्याचं ऐकता ऐकता मध्येच आपलंच काहीतरी ऐकू यायला लागतं, आणि मग रोगी काय म्हणाला ते कळेनासं होतं. ते कुठंतरी जाऊन काढून ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर माणूस चिमटा घेऊन धावतो. हे शेवटचं त्यांनी मऊ आवाजात म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दमणीत चिंचांचं टोपलं, डॉक्टर आणि मी. गावाच्या शिवेवर त्यांनी गाडी थांबवायला लावली, खिशातून एक चिंचोका काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तोंडात ठेवा, बापू. विरघयला का बोला."

मी खरंच तो विरघळायची वाट पाहिली. चिंचोका आयुष्यात कधी विरघळत नाही हे माझ्या ध्यानात यायला गावाची वेस ओलांडावी लागली.

डॉक्टर त्या घराच्या अंगणात गेले, रामराम घातला आणि निंबाच्या सावलीत सरळ चिंचा फोडायला बसले. सासरे चक्रावले. डॉक्टर घरी येतो तो मरणाच्या वेळी, आणि इथं तर कुणी आजारीसुद्धा नव्हतं. पण मोठा माणूस आपल्या अंगणात काम करतो आणि आपण उभं राहायचं, हे बरं दिसेना. सासू बसली. शेजारच्या दोघी दगड घेऊन आल्या. थोड्या वेळानं सूनही आली आणि सासूच्या अंगाला अंग लावून बसली. आता डॉक्टरकडं रोगी आला नव्हता, घरात नुसतं घरचं काम चाललं होतं. बायका पापडांचं बोलल्या, कुणाच्या म्हशीचं बोलल्या. डॉक्टर ऐकत होते आणि मी चिंचोका चोखत होतो.

सावली निंबाच्या बुंध्यापासून दूर गेली तेव्हा ती बोलली. दगडाकडं पाहत, सहज, जणू म्हशीचंच पुढं सांगावं तशी.

"माह्या पोरीले दात आल्ता."

सगळे दगड थांबले. मागच्या पावसाळ्यात तिची तान्ही मुलगी तापानं गेली होती. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रडू नको, दुसरं होईल, असं म्हणून सगळ्यांनी ते झाकून टाकलं होतं.

"टोपलं भरेल हाये अजून," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आपला दगड पुन्हा चालू केला. मग बाकीचेही झाले.

"एकच आल्ता. खालचा," ती म्हणाली. "दूध पेतानी चावे. एक दिवस लय चावली, त म्या तिले चापट मारली." बराच वेळ टक टक. "दुसऱ्या दिवशी ताप आला."

तोंडात चिंचोका नसता तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं की चापटीनं ताप येत नाही. ते शास्त्राला धरून होतं, खरं होतं, आणि त्यानं ती जन्माची गप्प झाली असती. मी चिंचोका गालातून गालात फिरवला. बोलली ती सासू. तिच्या हातातली चिंच केव्हाची चुरगळली होती.

"म्याबी मारली होती वं, तुह्या नवऱ्याले," ती म्हणाली. "लय चावे तो. मले काय ठाऊक, तू हे घेऊन बसली म्हून."

सून तिच्या मांडीवर कोसळली आणि रडली. मागच्या पावसाळ्यापासूनचं रडली. सासरे उठून गोठ्याकडं गेले आणि बैलांच्या पुढ्यात नसलेला चारा सारखा करत राहिले. आखाजीला त्या घरातून कुणी कुणाला कुठं नेऊन घातलं नाही. दुसऱ्या मुलीकडं काय निरोप गेला ते मला माहीत नाही, डॉक्टरांनीही कधी विचारलं नाही.

परतताना मी चिंचोका थुंकलो आणि म्हणालो, तुम्ही तर काहीच केलं नाही. डॉक्टर हसले. इतके खूष मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं.

डॉक्टर जाऊनही आता काही वर्षं झाली. जायच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना बसवत नसे, पण दुपारी उशीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत. अकोल्याचे म्हातारबुवा तोवर राहिले नव्हते, म्हणून आपल्या चुका ते मला सांगत. मी हं म्हणायला शिकलो होतो. दोन-तीनदा सल्लाही देऊन टाकला, तेव्हा ते नुसते टोपल्याकडं पाहत. काकूंनी नंतर ते टोपलं आणि तो दगड माझ्याकडं पाठवून दिला. मी पाटी उतरवली. ती आता चिंचा वाळत घालायला चांगली कामाला येते.

परवा बाजाराच्या दिवशी मानोऱ्याकडची ती सून आली. आता स्वतः सासू व्हायच्या वयाची आहे. घरच्या झाडाच्या चिंचा घेऊन आली, ओसरीवर बसली, दगड ओढला. तिला पाहिलं आणि मला डॉक्टर आठवले. मग मी हे सगळं तिला सांगितलं. सुपातल्या चिंचा, पाटी, अकोला, लसूण, मी आता तुम्हाला सांगितलं तसंच, थोडं जास्तच रंगवून. ती फोडत होती आणि मी बोलत होतो. टोपलं तळाला गेलं तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की ही एवढ्या उन्हात एकटीच आली आहे, आणि आल्यापासून तिनं दोनदा तोंड उघडून मिटलं आहे.

"काही सांगायचं होतं का?" मी विचारलं.

तिनं ढिगातून एक चिंचोका वेचला, पदराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमी अजूनबी लय बोलता, डाक्टर," ती म्हणाली. "पह्यले हा तोंडात टाका. मंग सांगतो."