मफलरवाल्याचा गडू

लहानपणी आम्ही ज्याच्यावर जीव टाकायचो, त्या कार्टूनमधल्या हिरोवर आता खऱ्या नटांना घेऊन सिनेमा आला. चोपड्याहून अक्काचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. नातीला घेऊन जळगावला येते, तिकिटं काढून ठेव म्हणाली. मी हो म्हणालो आणि दिवसभर माझं कशातच लक्ष लागेना. या हिरोवरून मी तिच्याशी एकदा खोटं बोललो होतो. ते अजून तसंच होतं.

तेव्हा आम्ही धुळ्याला, देवपुरात राहायचो. रविवारी सकाळी टीव्हीवर ते कार्टून लागायचं. लाल मफलर बांधून, मोडक्या विमानातून आपलं घर शोधत हिंडणारा पोरगा. आम्ही त्याला मफलरवालाच म्हणायचो. आमचा अँटेना इतका नाठाळ, की गच्चीवर कुणी तो धरून उभं राहिल्याशिवाय खाली चित्र म्हणून दिसायचं नाही. अक्काची आणि माझी पाळी ठरली होती, एक रविवार तिचा, एक माझा. पण माझी पाळी आली की नेमकं माझं पोट दुखायचं. मग तीच उन्हात उभी राहून वरून ओरडायची, "आते दिखस का रे?" मी लोळत ओरडायचो, "दिखस, दिखस!" संपल्यावर मी तिला गोष्ट सांगायची, तेवढंच तिच्या वाट्याला.

एका रविवारी विमान समुद्रात कोसळलं आणि भाग संपला. पुढची पाळी माझी होती, आणि काहीही दुखलं तरी या वेळी तूच वर जायचं, असं आईनं बजावलं होतं. मी अंगणात येऊन गच्चीकडे तोंड करून सांगून टाकलं, "संपलं कार्टून! मेला तो!"

अक्का त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या रविवारी आमचा टीव्ही बंद, आणि मी मागच्या गल्लीतल्या मित्राकडे बसून मफलरवाल्याला पोहत किनाऱ्याला लागताना बघितलं. घरी म्हटलं, क्रिकेट खेळत होतो. पुढे कुणी त्याचा विषय काढला की अक्का उठून जायची. माझी लबाडी खपून गेली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून त्या दिवशी आमच्याकडे त्यांच्या नावानं घागर भरतात. वडिलांनी आजी-आजोबांच्या घागरी मांडल्या, वर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि गोड सांजोऱ्या ठेवल्या. अक्कानं हळूच शेजारी पाण्यानं भरलेला एक पितळी गडू ठेवला, त्यावर आपल्या वाटणीची सांजोरी.

"हाऊ कोना शे?" आईनं विचारलं.

"आपलाज एक जन शे," अक्का खाली बघत म्हणाली.

आईला वाटलं, पोरीचा खेळ. मला मात्र बरोबर कळलं होतं. समोर बसून मी आमरस ओरपत होतो. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. पण मार पडला असता, म्हणून मी आणखी एक वाटी रस मागितला. अजून त्याची लाज वाटते.

तर जळगावच्या थिएटरात मी, अक्का आणि मधे तिची नात. विमान समुद्रात पडलं तेव्हा अक्कानं पदर तोंडाला लावला. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. मफलरवाला किनाऱ्याला लागला, नातीनं टाळ्या पिटल्या. अक्का माझ्याकडे वळली.

"भाऊ, हाऊ ते मरी गयथा ना?"

मी घाईघाईनं पडद्याकडे बघितलं.

"दरसाल त्याना गडू भरस मी," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "जित्ता मानूसना गडू भरी राह्यनू का रे मी?"

लग्नानंतर सासरीही, इतकी वर्षं. तिथंच खरं सांगायचं होतं. मी पन्नाशीचा बाप्या, आता मला कोण मारणार होतं? पण तिच्या तोंडावरची भीती बघितली आणि जुनीच सवय कामाला आली. म्हटलं, "नाही गं अक्का. आपल्या वेळी मेलाच होता तो. सिनेमावाल्यांनी बदललंय."

तिचा जीव भांड्यात पडला. "बरं करं त्यासनी," म्हणाली आणि तिनं नातीसोबत हसत उरलेला सिनेमा बघितला.

मग यंदाच्या आखाजीला मी मुद्दाम फोन केला. आज सांगूनच टाकायचं, असं ठरवलं होतं. सगळ्या घागरी भरल्या का, विचारलं.

"भऱ्यात ना, बठ्ठ्या भऱ्यात. मफलरवालाना गडूबी भरा."

"पण अक्का, तो तर सिनेमात..."

"तो सिनेमाना, भाऊ," अक्का मलाच समजावत म्हणाली. "आपला ते मरी गया ना."

मी हो म्हणालो.