‘ऊभा रो’ आणि ‘बूड टेका’

पुराच्या कामासाठी आमची कंपनी सुरतेत आली तेव्हा मी हवालदार होतो, फौजेच्या इंजिनिअर्समध्ये. हुकूम आला, गाड्यांवर बोटी चढवल्या आणि निघालो. सकाळी पोचलो. गाडी जाईल तिथपर्यंत गेलो. पुढे रस्ता नव्हता, पाणी होतं.

आता मी राहतो त्या सुरतेतल्या उधन्यात आमच्या मंडळाचा अंक निघतो. त्याचं काम पाटील सर बघतात. ते म्हणाले, ‘काका, नेतृत्वावर लिहा. माणसाची छाप मोठी की चारित्र्य मोठं? तुम्ही फौजेत बघितलं असेल.’ मी सातवी शिकलेला. मोठे शब्द मला झेपत नाहीत. दोन साहेब बघितले, तेवढं सांगतो.

एक कॅप्टन राठोड. बडोद्यात वाढलेले, त्यामुळे गुजराती पाण्यासारखी. आवाज असा की परेडच्या पार टोकाला उभा असलेला जवान पण टाच जुळवायचा. त्यांनी ‘चला आगीत’ म्हटलं असतं तर आम्ही आधी निघालो असतो आणि मग विचारलं असतं, कुठली आग. जवान त्यांना पाठीमागे ‘हिरो’ म्हणायचे, पण टिंगल म्हणून नाही.

दुसरे नायब सुभेदार गणपत खोत. कोल्हापूरकडचे. बुटके, आवाज पिचका. फॉलिनला जवान रांगेत उभे राहिले की मागच्या रांगेला ऐकू जायचं नाही. बोटीत माणूस चढला की ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि एकच बोलायचे, ‘बूड टेका.’ म्हणजे फळीवर नाही, थेट तळाला बसा. ऑफिसर असो की म्हातारी, सगळ्यांना तेच. जवानांनी नावच पाडलं होतं, बूड-टेक साहेब.

नाईक शिंदे एकदा म्हणाला, ‘साहेब, देवळात गेल्यावर पण असंच म्हणता का?’

खोत साहेब म्हणाले, ‘देऊळ हलत नाही. बस खाली.’

पहिल्या दिवशी कॅप्टन साहेबांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. लोक गच्चीवरून बोटीत उड्या मारायला निघाले होते. साहेब बोटीच्या टोकाला उभे राहिले आणि गुजरातीत चार वाक्यं बोलले. रडणं थांबलं. माणसं रांगेत उतरली. त्या आवाजाने त्या दिवशी किती जीव वाचले, सांगता येणार नाही. छापेला मी नावं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लूमच्या एका खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यावर गेलो. खालचा मजला पूर्ण पाण्यात. वर गच्चीवर माणसं. निम्मी आपल्या खान्देशची, धुळ्या-नंदुरबारकडून नुकती कामाला आलेली. बायकांना गुजरातीचा एक शब्द कळत नव्हता. बाकीचे तिथलेच गुजराती कारागीर.

ठरलं, आधी बायका. बोट जिन्याच्या पायरीला लावली. ओबीएम, म्हणजे मागची मोटर, माझ्या हातात. खोत साहेब प्रत्येकीला तळाला बसवत होते. कॅप्टन साहेब जिन्यावर उभे. बाजूच्या गल्लीच्या तोंडातून पाणी जोरात येत होतं. तेवढं ओलांडलं की पुढे संथ. दोर सोडला.

तेवढ्यात वर कोणीतरी ओरडलं, पाणी वाढलं. वरची सगळी गर्दी जिन्यावरून खाली लोटली. पुढचे चेंगरणार किंवा आमच्या बोटीवर पडणार. कॅप्टन साहेबांनी हात वर केला आणि आवाज दिला.

‘ऊभा रो! बधा ऊभा रो!’

गुजरातीत ऊभा रो म्हणजे थांबा. गर्दी जागच्या जागी थांबली.

पण बोटीतल्या एका बाईने तो आवाज ऐकला आणि म्हणाली, ‘उठा वं, साहेब उभं ऱ्हावाले सांगस!’

बायका उठल्या. सगळ्या. आणि सगळ्या जिन्याच्या बाजूला वळल्या, साहेबांकडे बघायला.

खोत साहेब ओरडले, ‘बूड टेका! बूड टेका!’ मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. इतरांना नाही. बोट एका अंगाला गेली, पाणी आत आलं, आणि आम्ही सगळे खाली.

मी वर आलो तेव्हा एका हातात बोटीची कड होती. जिन्यावरचा सिग्नलमन सेटवर बोलत होता.

‘अल्फा टू, अल्फा टू. बोट उलटली. माणसं पाण्यात. लगेच या. ओव्हर.’

कॅप्टन साहेबांनी पायरीवरून उडी घेतली होती. लाइफ जॅकेटं सगळ्या बायकांना घातलेली होती, म्हणून बऱ्याच जणी तरंगत होत्या. एकेकीला खिडकीच्या जाळीला धरायला लावलं. एक बाई गल्लीच्या ओढीत सापडली. तिचं जॅकेट डोक्यावरून निघून गेलं होतं. खोत साहेब तिच्यामागे गेले. पुढच्या खात्याच्या खिडकीपाशी त्यांनी तिला पकडलं.

दुसरी बोट आली. मी तिच्यात चढलो आणि मोटर घेतली. खोत साहेबांनी त्या बाईला खालून उचललं.

‘आधी हिला घे.’

घेतली. मग मी हात पुढे केला.

‘या साहेब.’

‘पाय अडकलाय. सूत आहे.’

खात्यातली यार्नची बॉबिनं फुटून धागा पाण्यात पसरला होता. पॉलिस्टरचा धागा. ओढला की आणखी आवळतो, तुटत नाही. हनुवटीपर्यंत पाणी होतं आणि ते वाढत होतं. मी मोटर हळू करून बोट पुढे घ्यायला लागलो.

‘बोट लांब ठेव,’ ते म्हणाले. ‘मोटरच्या पंख्याला सूत लागेल. बायका आहेत आत.’

कॅप्टन साहेब पोहत आले. त्यांनी चाकू घेऊन बुडी मारली. वर आले, मुठीत सूत. पुन्हा बुडी. पुन्हा सूत. शिंदे पण उतरला. जितकं कापावं तितकं आणखी. खोत साहेबांनी मान वर केली होती आणि दोन्ही हातांनी जाळी धरली होती. ते ओरडले नाहीत. पाणी नाकावर गेलं तेव्हा पण हात जाळीवरच होते.

पाय सुटला. पण उशीर झाला होता.

वर गच्चीवरच्या लोकांना यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांना फक्त कॅप्टन साहेबांची उडी दिसली होती. त्यांनी साहेबांचा जयजयकार सुरू केला. मला वाटलं, वर जाऊन एकेकाला मुस्काटात द्यावी.

संध्याकाळी कॅम्पवर एक सिव्हिल अधिकारी आले. म्हणाले, ‘पब्लिक घाबरून उठलं, दुसरं काय. तसं लिहून टाका.’

कॅप्टन साहेब म्हणाले, ‘नाही. हुकूम माझा होता. माझ्या आवाजावर बायका उठल्या. तेच लिहा.’

जवळ कॅम्पात आणलेले लोक बसले होते, दुपारी जय म्हणणारे. साहेबांनी हीच गोष्ट त्यांना गुजरातीत सांगितली. त्यांना न सांगताही चाललं असतं. इन्क्वायरीत पण त्यांनी एक शब्द बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोटीत चढले आणि तळाला बसले. येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोडक्या मराठीत म्हणायचे, ‘बूड टेका.’ गुजराती माणसाला पण तेच. कोणी हसलं नाही.

खोत साहेबांना गावी न्यायला मी गेलो आणि कॅप्टन साहेब स्वतः आले. खोत वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. रडून झालं होतं. त्यांनी विचारलं, ‘ती बाई वाचली का?’

मी म्हणालो, ‘वाचली, वहिनी.’

‘नाव काय तिचं?’

मला माहीत नव्हतं. मी तिला दंडाला धरून बोटीत ओढलं होतं, पण नाव विचारायचं सुचलं नाही. कॅप्टन साहेबांना मराठी धड येत नव्हती, पण प्रश्न कळला. म्हणाले, ‘विमलबाई. दोंडाईचा. दो बेटियाँ हैं. ठीक हैं.’

वहिनींनी मान हलवली.

पाटील सर, मला जेवढं कळलं ते असं. पहिल्या दिवशी आम्ही कॅप्टन साहेबांच्या आवाजामागे गेलो. वहिनींच्या त्या ओट्यानंतर आम्ही त्या माणसामागे गेलो. मधे खोत साहेबांचा जीव गेला. एवढी किंमत देऊन शिकायची गोष्ट नव्हती.

रिटायर झाल्यावर मी आणि माझी बायको सुमन उधन्यात राहायला आलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सुमन माझ्या वडिलांची भरायची आणि शेजारी एक खोत साहेबांची. शेजारीण म्हणाली, ‘ना नात्याचे ना गोत्याचे. अन् पाण्यात गेलेल्याला पाणीच कशाला, भाभी?’

सुमनला असलं बोलणं सहन व्हायचं नाही. म्हणाली, ‘पुराचं पाणी काय पिण्याचं असतं? तहानलेलाच गेला असेल की तो.’

हे मला कधी सुचलं नव्हतं. खरंच, त्या दिवशी सकाळपासून आमच्या कुणाच्या पोटात घोटभर चांगलं पाणी नव्हतं. होतं ते सगळं बायकांना दिलं होतं.

थंडीत सुमन गेली. यंदा आखाजीला घागरी मी भरल्या. मला नीट जमलं नाही, ओट्यावर पाणी सांडलं. वडिलांची भरली. सुमनची भरली. मग गणपत खोतांची, अगदी काठापर्यंत.